म्युनिकला बदली होताना मुलांची शाळा कशी ठरवावी

नोकरीनिमित्त पुण्याहून किंवा मुंबईहून म्युनिकला निघालेल्या कुटुंबांचे पहिले काही महिने व्हिसा, घरभाडे आणि सामानाच्या याद्या यांतच संपतात. शाळेचा विषय निघाला की बहुतेक घरांत ‘तिथे पोहोचल्यावर बघू’ असे म्हणून तो पुढे ढकलला जातो. म्युनिकमध्ये ही चालढकल महागात पडते, कारण म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातील मुलाची पुढची वाट वयाच्या दहाव्या वर्षी, चौथी इयत्तेत ठरू लागते आणि त्या क्षणी त्याला जर्मन किती येते यावर बरेच काही अवलंबून असते. आईवडिलांनी पहिल्या दोन वर्षांत घेतलेला किंवा न घेतलेला निर्णय तिथे मुलाच्या वाट्याला येतो.

हा लेख म्युनिकपुरताच आहे, आणि तो तसा असणेच योग्य आहे. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, म्युनिकमध्ये ती चौथीला संपते. सुट्ट्या, प्रवेशाचे वय, माध्यमिक शाळेत जाण्याची अट हे सारे राज्यागणिक बदलते. त्यामुळे हॅम्बुर्ग किंवा बर्लिनमधील मित्राने मनापासून दिलेला सल्लाही म्युनिकमध्ये चुकीचा ठरू शकतो.

निर्णयाआधी तीन गोष्टी कागदावर मांडा

पहिली गोष्ट म्हणजे मुलाचे वय, आणि तेही आजचे नव्हे, तर प्रत्यक्ष शाळेत पाऊल टाकेल त्या दिवशीचे. बव्हेरियात शालेय वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते आणि जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी संपते. जूनमध्ये भारतात तिसरी सुरू केलेले मूल जानेवारीत म्युनिकला पोहोचले, तर ते शालेय वर्षाच्या मध्यावर वर्गात जाते, आणि तिसरीत बसवायचे की दुसरीत हे ठरवताना शाळा वयाबरोबर भाषाही पाहते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुक्कामाचा खरा काळ. कंपनीच्या पत्रात दोन किंवा तीन वर्षे लिहिलेली असतात, परंतु ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा वास्तव्य परवाना) असलेल्याला बी-१ म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी आणि ए-१ म्हणजे प्राथमिक पातळीचे येत असेल तर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि तो हाती आला की परत जाण्याची तारीख हळूहळू लांबत जाते. तीन वर्षांसाठी आलेली कुटुंबे आठ-दहा वर्षे राहिल्याची उदाहरणे म्युनिकच्या मराठी मंडळींत सहज सापडतील. म्हणून पत्रातील काळ एका ओळीत लिहावा आणि पतिपत्नींनी एकमेकांना प्रामाणिकपणे सांगितलेला काळ दुसऱ्या ओळीत.

तिसरी गोष्ट म्हणजे पैसे कोण देणार आणि किती वर्षे. या तिन्ही उत्तरांचा मेळ बसला नाही, तर जे घडते ते मुलासाठी सर्वांत कठीण असते. कंपनी फी भरते म्हणून मूल आंतरराष्ट्रीय शाळेत जाते, सारा दिवस इंग्रजीत काढते, मग दोन-तीन वर्षांनी करार बदलतो, फीचा आधार जातो आणि नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाला फारसे जर्मन येत नसताना सरकारी शाळेच्या सर्वांत निर्णायक वर्षात बसावे लागते. सरकारी शाळाही चांगली आहे आणि आंतरराष्ट्रीय शाळाही चांगली आहे. घातक आहे ते या दोहोंमधील अर्धवट अंतर.

शहरात उपलब्ध असलेल्या शाळा

सरकारी प्राथमिक शाळेला ग्रुंडशूल म्हणतात. ती पहिली ते चौथी असते, फी नसते आणि पाठ्यपुस्तके शाळा वापरायला देते. वह्या, रंग, सहली आणि दप्तर यांचा खर्च पालकांचा असतो, आणि तिथले कडक पाठीचे दप्तरच दीडशे-दोनशे युरोंना पडते. प्रवेश पत्त्यानुसार मिळतो. शहराचे शाळाक्षेत्रांत विभाजन केलेले आहे, त्या क्षेत्राला श्प्रेंगेल म्हणतात, आणि आपल्या रस्त्याची व घर क्रमांकाची जी शाळा असेल तीच आपली शाळा. भारतात जशी पाच-सहा शाळांचे अर्ज भरून निवड केली जाते, तसा प्रकार इथे नाही.

आंतरराष्ट्रीय शाळांपैकी म्युनिक इंटरनॅशनल स्कूल ही शहराच्या दक्षिणेला श्टार्नबर्गजवळ आहे. बव्हेरियन इंटरनॅशनल स्कूलची एक शाखा उत्तरेला हाइमहाउझेनमध्ये आणि दुसरी शहरात श्वाबिंगमध्ये आहे. या दोन्ही शाळांत शेवटची दोन वर्षे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाची असतात. ब्रिटिश पद्धतीची सेंट जॉर्जेस ही शाळादेखील शहरात आहे. फी वयानुसार वाढत जाते आणि ढोबळ अंदाज करायचा तर वर्षाला वीस हजार युरो किंवा त्याहून अधिक असे धरूनच चालावे. प्रवेशाच्या वेळचे एकरकमी शुल्क, शाळेची बस आणि जेवण यांचा हिशेब वेगळा असतो. युरोपियन स्कूल म्युनिक ही प्रामुख्याने युरोपीय पेटंट कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. आईवडिलांपैकी कोणी तिथे नोकरीला नसेल तर या शाळेवर विसंबून राहू नये.

या दोहोंच्या मधला आणि मराठी कुटुंबांनी पुरेसा विचारात न घेतलेला पर्याय म्हणजे राज्याची मान्यता असलेल्या खाजगी शाळा. यांत फोर्म्ससारख्या जर्मन-इंग्रजी द्वैभाषिक शाळा येतात, तसेच माँटेसरी आणि वाल्डोर्फ पद्धतीच्या शाळा येतात. सरकारी शाळेची जागा घेणाऱ्या खाजगी शाळेने पालकांच्या सांपत्तिक स्थितीनुसार मुलांमध्ये भेद करू नये, असे जर्मन राज्यघटनेच्या सातव्या कलमात म्हटले आहे. त्यामुळे या शाळांची फी आंतरराष्ट्रीय शाळांपेक्षा सहसा बरीच कमी असते. माँटेसरी आणि वाल्डोर्फ शाळांचे माध्यम मात्र जर्मनच असते, त्यामुळे भाषेचा प्रश्न तिथे सुटत नाही, फक्त वातावरण मऊ असते. द्वैभाषिक शाळेत मूल इंग्रजीच्या आधाराने उभे राहते आणि जर्मनही शिकते. ज्यांचा मुक्काम किती काळ हे ठरलेले नाही त्यांच्यासाठी माझ्या मते हा सर्वांत समंजस मार्ग आहे. तिथे जागा मोजक्या असतात, म्हणून बदलीची शक्यता दिसताच अर्ज करावा.

घरी शिकवण्याचा पर्याय जर्मनीत नाही. शाळेत प्रत्यक्ष जाणे कायद्याने सक्तीचे आहे. भारतातील मुक्त विद्यालयाचा किंवा ऑनलाइन शाळेचा अभ्यासक्रम मुलाने केला तरी त्याने ही सक्ती पूर्ण होत नाही.

चौथीचा उंबरठा नीट समजून घ्या

बव्हेरियात चौथीच्या मुलांना मे महिन्याच्या सुरुवातीला एक विशेष प्रगतिपत्रक मिळते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढलेली असते. श्रेणी १ ते ६ अशा असतात आणि १ ही सर्वोत्तम. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेला जाऊ शकते, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल या मधल्या पातळीच्या शाळेला, आणि त्यापलीकडे असेल तर मिटेलशूल या अधिक व्यवसायाभिमुख शाळेला. अनेक जर्मन राज्यांत या टप्प्यावर पालकांची इच्छा निर्णायक असते. बव्हेरियात आकडा बोलतो.

या तीन विषयांपैकी दोन थेट भाषेवर उभे आहेत, आणि गणितातही शाब्दिक उदाहरणे असतातच. पुण्यात पाढे तोंडपाठ असलेले मूल प्रश्नच न कळल्यामुळे मागे पडते, तेव्हा आईवडिलांना मुलाच्या बुद्धीवर अन्याय झाल्यासारखे वाटते. ही भावना खरी आहे, पण तिच्यावर वेळीच उपाय करता येतात. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हते, त्याच्या कमी श्रेणी भाषेमुळे आहेत आणि ती उणीव भरून निघण्यासारखी आहे असे शाळेला वाटले, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीलाही पुढील शाळेसाठी पात्र ठरवता येते. हा नियम पालकांनी स्वतः माहीत करून घ्यावा आणि चौथीच्या पहिल्या पालकभेटीतच वर्गशिक्षकांकडे त्याचा विषय काढावा, कारण मे महिन्यात कागद हाती आल्यावर बोलण्यात अर्थ उरत नाही.

सरासरी हुकली तर मे महिन्यात तीन दिवसांची चाचणी-शिकवणी असते. ती जर्मन आणि गणित या विषयांत होते. एका विषयात ३ आणि दुसऱ्यात किमान ४ मिळाले की प्रवेश मिळतो, आणि दोन्हींत ४ मिळाले तर अखेरचा निर्णय पालकांवर सोपवला जातो.

आपल्याकडच्या पालकांना गिम्नाझियमखेरीज सारे अपयश वाटते, आणि या भीतीपायी आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर शिकवण्यांचा भार टाकला जातो. वस्तुस्थिती तेवढी बंदिस्त नाही. रेआलशूल दहावीपर्यंत असते आणि तिथून ठराविक गुणांवर फाखओबरशूल या उच्च माध्यमिक शाळेत जाऊन पुढे आबिटूर या विद्यापीठ प्रवेशाच्या शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचता येते. मिटेलशूलमधूनही दहावीची परीक्षा देता येते. वाट लांब होते, बंद होत नाही. गिम्नाझियमही बव्हेरियात आता पुन्हा नऊ वर्षांचे झाले आहे, म्हणजे पाचवी ते तेरावी, आणि आबिटूर होईपर्यंत मूल साधारण एकोणीस वर्षांचे होते. बारावीनंतर अठराव्या वर्षी महाविद्यालय, असा आपला हिशेब तिथे चालत नाही. मुलाला एखादे वर्ष जास्त लागले म्हणून काही बिघडत नाही, ही गोष्ट पालकांनी आधी स्वतःच्या मनाला पटवावी.

वय पाहून निवड

मूल सहा वर्षांहून लहान असेल तर फार विचार करण्याचे कारण नाही. जर्मन बालवाडी आणि मग ग्रुंडशूल, हाच सर्वांत सोपा आणि मुलासाठी सर्वांत कमी ओझ्याचा मार्ग आहे. बालवाडीत जर्मन कमी असलेल्या मुलांसाठी २४० तासांचा भाषावर्ग असतो, तो बालवाडी आणि शाळा मिळून घेतात. अलीकडे शाळाप्रवेशाच्या सुमारे दीड वर्ष आधी भाषाचाचणीही घेतली जाते आणि गरज असलेल्या मुलाला हा भाषावर्ग बंधनकारक होतो. याला शिक्षा न मानता विनामूल्य मदत मानावे.

सहा ते आठ या वयातही, मुक्काम दोन वर्षांहून अधिक असण्याची शक्यता असेल, तर सरकारी शाळाच निवडावी. या वयाची मुले मैदानात भाषा उचलतात. पहिले काही महिने मूल वर्गात एक शब्दही बोलत नाही आणि आई घाबरते, परंतु हा मौनाचा काळ नेहमीचा आहे. त्या काळात ते ऐकत असते.

नऊ-दहा वर्षे हे म्युनिकमध्ये येण्याचे सर्वांत अवघड वय आहे. चौथीच्या प्रगतिपत्रकापर्यंत जेमतेम वर्षभर हातात असते. इथे तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे मुलाला वयापेक्षा एक इयत्ता खाली, म्हणजे तिसरीत बसवण्याची विनंती मुख्याध्यापकांकडे करणे. दुसरा म्हणजे २०१८-१९ पासून बव्हेरियात सुरू झालेल्या डॉइचक्लासे या भाषावर्गात प्रवेश घेणे, जिथे जर्मनचे तास भरपूर असतात आणि काही विषयांसाठी मूल नेहमीच्या वर्गात बसते. तिसरा म्हणजे द्वैभाषिक शाळा. एक इयत्ता मागे जाणे हा शब्दप्रयोगच आपल्या घरांत लाजेचा मानला जातो आणि त्यापायी मुलाचे नुकसान होते. जर्मन शाळांत वर्गातील मुलांच्या वयात एखाद्या वर्षाचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि मिळालेल्या त्या एका वर्षात मुलाची भाषा उभी राहते.

अकरा ते तेरा या वयात निर्णय मुक्कामाच्या काळावर सोडावा. कायम राहण्याचा विचार पक्का असेल तर भाषावर्गातून सरकारी शाळेत जाणे कष्टाचे असले तरी शक्य आहे. गिम्नाझियममध्ये थेट प्रवेशासाठी प्रवेशपरीक्षा आणि परिवीक्षेचा काळ असतो, आणि दुसरी परकीय भाषा सहावीपासून सुरू होत असल्याने उशिरा आलेल्या मुलाला तीही भरून काढावी लागते. तीन वर्षांनी भारतात परतणे निश्चित असेल आणि फीची सोय पूर्ण काळासाठी असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळा घ्यावी.

चौदा वर्षांपुढच्या मुलांबाबत माझे मत स्पष्ट आहे. पूर्ण फीची हमी असेल तर आंतरराष्ट्रीय शाळा, नाहीतर मुलाने दहावी किंवा बारावी भारतात आईवडिलांपैकी एकाजवळ राहून पूर्ण करावी. कुटुंब वर्षभर विभागले जाणे दुःखाचे असते, परंतु नववी-दहावीच्या मुलाला शून्य जर्मनवर नव्या व्यवस्थेत टाकणे त्याहून जड जाते. आयबी डिप्लोमा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, त्यामुळे अकरावीच्या सुरुवातीला प्रवेश झाला तर ठीक, बारावीच्या मध्यात तो मिळत नाही असेच समजावे.

कंपनीशी बोलणी करारावर सही करण्यापूर्वी

फीची मदत तोंडी आश्वासनावर सोडू नये. करारात चार बाबी लिहून घ्याव्यात. रक्कम किती, किती वर्षांसाठी, प्रवेशशुल्क व बस त्यात धरली आहे का, आणि त्या रकमेवरील कर कोण भरणार. शेवटची बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शालेय वयाच्या मुलाची फी नोकरी देणाऱ्याने भरली तर ती सहसा पगारातील करपात्र लाभ मानली जाते. कराची जबाबदारी कंपनीने उचललेली नसेल, तर वीस हजार युरोंच्या फीवरील कर आणि विम्याची वजावट दरमहा आपल्याच पगारातून होते आणि हातात येणारी रक्कम पाहून धक्का बसतो.

फी स्वतः भरत असाल तर मान्य शाळेच्या शिक्षणशुल्काच्या ३० टक्के रक्कम, प्रत्येक मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० युरो, करविवरणात वजावटीसाठी दाखवता येते. निवास आणि भोजनाचा खर्च त्यात धरला जात नाही. शाळेकडून पावत्या शिक्षणशुल्क वेगळे दाखवून घ्याव्यात.

कंपनी जर्मनच्या शिकवण्यांचा खर्च द्यायला अनेकदा सहज तयार होते. सरकारी शाळा निवडणाऱ्यांनी फीऐवजी मुलासाठी वर्षभराची शिकवणी आणि आईवडील दोघांसाठी भाषावर्ग मागून घ्यावेत.

घर, पत्ता आणि नोंदणी

सरकारी शाळा ठरली असेल तर शाळा आधी आणि घर नंतर, हा क्रम शक्य तितका पाळावा. म्युनिकमध्ये भाड्याचे घर मिळणे अवघड आहे आणि कुटुंबे पहिले तीन-चार महिने तात्पुरत्या सदनिकेत काढतात. त्या पत्त्यावरून मुलाचे नाव त्या क्षेत्राच्या शाळेत घातले जाते आणि कायमचे घर दुसऱ्या क्षेत्रात मिळाले की शाळा बदलते. जेमतेम दोन मित्र झालेल्या मुलाला हा दुसरा बदल पहिल्यापेक्षाही जड जातो. जुन्याच शाळेत राहू देण्यासाठी पाहुणा विद्यार्थी म्हणून अर्ज करता येतो, त्याला सबळ कारण द्यावे लागते, आणि तो मंजूर होईलच असे नाही. तात्पुरते घरही आपल्याला जिथे राहायचे आहे त्याच भागात शोधणे, हा यावरचा साधा उपाय आहे. शहराबाहेरची गार्खिंग, इस्मानिंग, उंटरहाखिंग अशी गावे रेल्वेने जोडलेली आहेत आणि त्यांच्या शाळा गावाच्या स्वतःच्या आहेत, तेव्हा शोध शहरापुरता मर्यादित ठेवू नये.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी नागरिक कार्यालयात करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. या नोंदणीचा कागद हातात आला की शाळेच्या कार्यालयात जावे. शाळेला मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि वास्तव्य परवाना, पत्त्याचा कागद, भारतातील मागील दोन वर्षांची प्रगतिपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाची नोंद दाखवावी लागते. मराठीत असलेल्या जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत भारतातून निघण्यापूर्वीच महापालिकेकडून काढून घ्यावी. जर्मन भाषांतर मागितले गेले तर ते शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे लागते.

गोवराच्या लसीबाबत जर्मन कायदा काटेकोर आहे. मार्च २०२० पासून शाळेत आणि बालवाडीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दोन मात्रांचा पुरावा मागितला जातो. पुरावा नसेल तर बालवाडी प्रवेश नाकारते. शाळा सक्तीची असल्यामुळे ती नाकारू शकत नाही, पण आरोग्य विभागाला कळवते आणि २,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. भारतातील लसीकरणाची पुस्तिका घेऊन म्युनिकमधील बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि नोंदी तिथल्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून घ्याव्यात. बालरोगतज्ज्ञ नवे रुग्ण घेण्यास अनेकदा नकार देतात, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावे.

पहिलीच्या प्रवेशासाठी नोंदणी मार्च महिन्यात होते. ३० जूनपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या सप्टेंबरात शाळेत जावेच लागते. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात सहा पूर्ण होणाऱ्या मुलाबाबत पालक ठरवू शकतात, आणि थांबायचे असेल तर तसे १० एप्रिलपर्यंत शाळेला लेखी कळवावे लागते. नुकत्याच आलेल्या आणि उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलासाठी हे एक वर्ष बालवाडीत घालवणे बहुधा हिताचे ठरते. प्रवेशापूर्वी आरोग्य विभागाची तपासणीही बंधनकारक असते.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी म्युनिक महापालिकेचे विनामूल्य शैक्षणिक सल्लाकेंद्र आहे आणि तिथे इंग्रजीतही बोलता येते. मूल दहा वर्षांपुढचे असेल तर शाळांचे उंबरे झिजवण्याआधी तिथे वेळ घेऊन जावे.

दुपारचा प्रश्न

आईवडील दोघेही नोकरी करणार असतील तर शाळेइतकाच गंभीर प्रश्न दुपारचा आहे. ग्रुंडशूल अनेक दिवशी साडेअकराच्या सुमारास किंवा एक वाजता सुटते. त्यानंतर होर्ट नावाचे पाळणाघर, शाळेतील मध्यान्ह वर्ग, किंवा पूर्ण दिवसाची शाळा असे पर्याय असतात. यांतील बऱ्याच जागांसाठी शहराच्या किटाफाइंडर या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे दुपारची जागा मिळाली असे होत नाही. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या देखरेखीचा कायदेशीर हक्क मिळतो आणि पुढे तो दरवर्षी एकेका इयत्तेने वाढत चौथीपर्यंत जातो. तोपर्यंत वरच्या इयत्तांतील मुलांसाठी अर्ज, आठवण आणि प्रत्यक्ष भेट यांना पर्याय नाही. दुपारच्या या दोन-तीन तासांत मूल जितके जर्मन शिकते तितके ते वर्गातही शिकत नाही, म्हणून आई घरी असली तरी आठवड्यातून काही दिवस ही सोय घ्यावी.

पहिले शालेय वर्ष

दप्तरात एक टपाल-पाकीट असते. शाळेची सारी पत्रे त्यातून येतात आणि सहीची पोचपावती त्यातूनच परत जाते. ते रोज संध्याकाळी उघडावे. सहलीची, पोहण्याच्या तासाची किंवा पालकसभेची चिठ्ठी वाचायची राहिली तर मूल दुसऱ्या दिवशी एकटेच तयारीविना उभे राहते.

गणिताच्या वहीकडेही बारकाईने पाहावे. तिथे गुणाकारासाठी फुलीऐवजी मधोमध एक टिंब देतात, भागाकारासाठी विसर्गासारखी दोन टिंबे देतात आणि दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. एकच्या आकड्याला लांब शेंडी असते, त्यामुळे भारतीय मुलाने लिहिलेला सात शिक्षकांना एक वाटतो. त्यांच्या सातला पोटात आडवी रेघ असते. पहिल्या आठवड्यात घरी बसून एवढे शिकवले तरी अनेक लाल खुणा टळतात.

धर्मशिक्षणाच्या तासाऐवजी नीतिशिक्षण निवडता येते, त्यासाठी फॉर्मवर तशी खूण करावी. मुले शाळेत चालत आणि पुढे एकटी जावीत अशी अपेक्षा असते, तेव्हा सुट्टीतच तो रस्ता मुलाबरोबर पुन्हापुन्हा चालावा. चौथीत वाहतूक पोलिसांच्या देखरेखीखाली सायकलची परीक्षा होते. पोहणे आणि सायकल येत नसेल तर मूल गटाबाहेर पडते, म्हणून या दोन गोष्टी आल्याबरोबर शिकवायला घ्याव्यात.

भारतवारीचे बेत सुट्ट्यांनुसारच आखावे लागतात. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी मूल घेऊन निघणाऱ्या पालकांची बव्हेरियातील विमानतळांवर पोलिसांनी चौकशी केली आहे आणि दंडही होतो. उन्हाळ्याचे सहा आठवडे आणि ख्रिसमस, ईस्टर व मे-जूनच्या सुमारास येणारा पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण यांचे प्रत्येकी सुमारे दोन आठवडे, एवढाच लांब प्रवासाचा काळ. गणपती बहुधा सुट्टीच्या अखेरीस किंवा शाळा सुरू होताना येतात. २०२६ साली गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि शाळा १५ सप्टेंबरला सुरू होते. सणाच्या एखाद्या दिवसासाठी धार्मिक कारणाने रजा हवी असेल तर मुख्याध्यापकांना आधी लेखी अर्ज करावा. अशी विनंती सहसा सहानुभूतीने पाहिली जाते.

घरात मात्र मराठीच बोलावी. मुलाचे जर्मन सुधारावे म्हणून आईवडील मोडकेतोडके जर्मन बोलू लागतात, त्याने मुलाचे जर्मन सुधारत नाही आणि मराठी मात्र जाते. मुलाला गोष्ट सांगणे, कारण विचारणे, वाद घालणे हे ज्या भाषेत आईवडिलांना सहज येते त्याच भाषेत झाले, तर ती विचारशक्ती जर्मनमध्येही उतरते.

परतीची शक्यता असेल तर

परत येण्याची वेळ मुलाच्या नववीच्या आत यावी, असा प्रयत्न करावा. सीबीएसईसह बहुतेक मंडळांत दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते, आणि थेट दहावीत प्रवेश मिळणे कठीण असते. आठवीपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद शिक्षणहक्क कायद्यात आहे, त्यामुळे त्याआधीचे परतणे तुलनेने सोपे असते. जर्मन शाळेची सर्व वर्षांची प्रगतिपत्रके आणि शाळा सोडल्याचे पत्र यांची शपथबद्ध इंग्रजी भाषांतरे म्युनिकमध्येच करून घ्यावीत, कारण भारतात जर्मनचा अधिकृत भाषांतरकार शोधण्यात प्रवेशाचे आठवडे निघून जातात. आयबी डिप्लोमा किंवा आबिटूर करून भारतीय विद्यापीठात यायचे असेल, तर त्या पात्रतेचे समकक्षता प्रमाणपत्र लागते.

महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा आहे. मूल घरी मराठी बोलत असले तरी देवनागरी वाचन-लेखनाची सवय नसेल, तर पुण्याच्या शाळेत त्याला पुन्हा एकदा भाषेमुळे मागे बसावे लागेल. म्युनिकमध्ये असताना आठवड्याचा एक तास बाराखडी, शुद्धलेखन आणि बालभारतीची त्या-त्या इयत्तेची पुस्तके यांसाठी राखून ठेवावा. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.